लाथ कोणाची?

पाइन ब्रूक, न्यूयॉर्क राज्य
५ सप्टेंबर १९८७

प्रिय आजी,

बीटच्या लोणच्याची कृती पोचली. लोविना म्हणते, व्हिनेगर किती घालायचं ते आजींनी लिहिलंच नाही. तू म्हणशील चवीनं कळतं. तिला कळत नाही, तेव्हा पुढच्या पत्रात लिही.

आता ज्यासाठी बसलोय ते लिहितो. तू दिलेल्या टिली घोडीनं माणूस जखमी केला. आमच्या मंडळीची व्यवस्था पाहणारे डीकन, इमॅन्युएल, वीस ऑगस्टला आमच्या तबेल्यात आले होते. मी आणि लोविना मागं बटाटे काढत होतो. ओरडणं ऐकून धावलो, तर ते टिलीच्या ठाणात पडलेले आणि गुडघा भलत्याच दिशेला वळलेला. शहरातल्या डॉक्टरांनी दोनदा कापलं. आता म्हणतात, चालतील, पण काठीशिवाय नाही. आजी, साठीचा माणूस, अजून नांगर धरणारा.

इमॅन्युएल म्हणतात, "मी नेहमीसारखा आत गेलो आणि हिनं मारलं." मग त्यांनी बायबलमधला नियम दाखवला, माणसाला मारणाऱ्या बैलाला जिवंत ठेवायचं नाही. बैल काय, घोडी काय. टिलीला गोळी घाला, एवढंच त्यांचं मागणं आहे.

तुला माहीत आहे, वसंतात नवा उपदेशक निवडायला आठ जणांपुढे पुस्तकं ठेवली, माझ्याच पुस्तकात चिठ्ठी निघाली आणि मी जन्मभराचा उपदेशक झालो. तेव्हा मला शास्त्र उघडणं भाग होतं. उघडलं आणि पार गुंतलो. एका जागी जनावराला माणसासारखी शिक्षा आहे. दुसरीकडे लिहिलंय की घोड्याला आणि खेचराला समजच नसते. समज नाही तर शिक्षा कसली? एकीकडे सगळी जनावरं माणसाच्या पायाखाली दिली आहेत. आणि तो शहाणा म्हातारा राजा म्हणतो की दोघांचा श्वास एकच, दोघंही मातीतच जातात, माणूस काही वरचढ नाही. मी कशावर पाय रोवू?

घाई यासाठी की अकरा ऑक्टोबरला प्रभुभोजनाआधीची तयारीची सभा आहे. तिथे प्रत्येकानं म्हणायचं, माझ्या मनात कोणाविषयी काही नाही. इमॅन्युएल तसं म्हणाले नाहीत तर आमच्या चौदाच्या चौदा घरांना या शरदात प्रभुभोजनाची भाकर मिळणार नाही. नवी वस्ती आहे आमची, असली भेग परवडणार नाही. आणि त्याच सभेत पहिलं प्रवचन माझं आहे. विषय ठरलेलाच असतो, सृष्टीची उत्पत्ती. हातात कागद घेऊन बोलायची रीत नाही.

आजी, टिली बारा वर्षं तुमच्याकडे होती. तिनं आधी कधी कोणाला मारलं होतं का?

तुझा,
अ‍ॅटली

---

होम्स काउंटी, ओहायो
११ सप्टेंबर

प्रिय अ‍ॅटली,

व्हिनेगर दोन वाट्या, एक वाटी पाणी. लोविनाला म्हणावं, जिभेला पण थोडं काम दे.

इमॅन्युएलचं ऐकून वाईट वाटलं. गुडघा हा माणसाचा सगळ्यात मूर्ख सांधा आहे, माझे दोन्ही त्याला साक्षीला आहेत. त्याला कोबीची पानं कुटून बांधायला सांग. डॉक्टर हसतील. हसू दे, त्यांचे गुडघे शाबूत आहेत.

तू गुंतलास म्हणतोस. मी सहा हिवाळे शाळेत गेले, त्यातला एक गोवरात गेला. शास्त्राची जर्मन अक्षरं अजून बोटानं वाचते. पण गुंतले नाही कधी. पहिल्या पानावर जनावरं आधी केली आणि माणूस मागून. दुसऱ्या पानावर माणूस आधी केला, मग तो एकटा पडला म्हणून जनावरं केली. हे तू लिहिलं नाहीस, पण सभेत तुला हेच सांगायचंय, आणि पहिल्या बाकावरचा एखादा म्हातारा तुला यावरच धरणार. मग ऐक. तुझ्या आजोबांना कोणी विचारलं असतं की तुमचा संसार कसा उभा राहिला, तर ते म्हणाले असते, आधी गाय घेतली, मग कोठार बांधलं, मग लग्न केलं. मी म्हणाले असते, आधी लग्न केलं, मग या माणसाला पहाटे उठायला शिकवलं, आणि मग गाय आली. दोघांपैकी खोटं कोण बोललं?

पायाखालचं म्हणशील तर माझ्या पायाखाली कोंबडीसुद्धा राहत नाही. आज सकाळी एक बाई स्वयंपाकघरात येऊन पिठाच्या डब्यावर बसल्या होत्या.

आणि गोळी घालायला हा काय जुन्या नियमशास्त्राचा काळ आहे? तेव्हा विसाव्याच्या दिवशी, शनिवारी, लाकडं गोळा करणाऱ्यालाही दगड मारायचे. इमॅन्युएलला विचार, त्याच्या कोठारात शनिवारी काय काय चालतं.

टिली गरीब घोडी आहे. मी तिला बर्फात, पावसात, मयताला, लग्नाला हाकली आहे. तुझ्या आजोबांच्या मयताच्या दिवशी त्यांच्या गाडीला तीच होती, तीन मैल मान खाली घालून चालली. मी काही घोड्यांसाठी रडणारी नाही. घोडी म्हणजे घोडी. पण जे आहे ते आहे.

इमॅन्युएल तिच्या कुठल्या बाजूनं गेला होता? उजव्या का?

रोमनकाकाचं धान्य आत आलं. सफरचंदं किडकी निघाली, शिजवून लगदा केला, अठरा बरण्या झाल्या.

तुझी आजी,
सलोमा

---

पाइन ब्रूक
१८ सप्टेंबर

प्रिय आजी,

हो, उजव्या बाजूनं. तुला कसं कळलं? आम्ही सगळेच घोड्याच्या डावीकडून जातो. पण उजवीकडच्या खुंटीवर इमॅन्युएलचाच साज टांगलेला होता. उन्हाळ्यात मी त्यांच्याकडून मागून आणला होता. ते तोच घ्यायला गेले.

लोणचं चांगलं झालं. गाय आणि लग्नाचं मी लोविनाला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की एल्माला वाटलं आई रडते आहे. मग म्हणाली, "आजींनी सगळ्याची उत्तरं दिली, तुम्ही विचारलेल्याचं सोडून." मी पत्र पुन्हा वाचलं. खरं आहे. तू घाईत विसरली असशील.

इकडे गोष्ट वाढली. इमॅन्युएल अंथरुणात पडून शास्त्र वाचताहेत. त्यांना त्याच नियमाचं पुढचं कलम सापडलं. बैल आधीपासून मारका असेल, मालकाला ते सांगितलेलं असेल आणि तरी त्यानं बैल बांधून ठेवला नसेल, तर बैलाबरोबर मालकही दोषी. रविवारी त्यांनी मला बिशपसमोर विचारलं, "अ‍ॅटली, तुला माहीत होतं का?"

मी म्हणालो, "नाही. ही घोडी माझ्या आजीनं दिली. तिच्यात काही खोट असती तर आजीनं सांगितलं असतं. ती तोंडावर सांगणारी बाई आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा लोविनाच्या स्वयंपाकाबद्दलसुद्धा तिनं तोंडावरच सांगितलं होतं."

बिशप हसले. इमॅन्युएल हसले नाहीत. म्हणाले, "मग तू निर्दोष. घोडी नाही. सभेच्या आधी गोळी घाल, मी समेटाचा हात पुढे करतो."

मी त्यांच्यापुढे शास्त्र ठेवायला गेलो. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकं बांधू नका, असं नियमात आहे ना? त्यावर ते म्हणाले, प्रेषितानं त्याचा अर्थ सांगितलाय, देवाला काय बैलांची काळजी आहे? ते आपल्यासाठी लिहिलंय. मी म्हणालो, मग त्या रुसलेल्या संदेष्ट्याला देव का सांगतो की या शहरात इतकी माणसं आहेत आणि शिवाय गुरं आहेत? गुरं कशाला मोजली? ते म्हणाले, "पोरा, माझा गुडघा मोज." मला लाज वाटली, आजी. खरंच मी त्यांच्या पायापेक्षा घोडीचा जास्त विचार करत होतो.

लोविना म्हणते, गोळी घाला आणि मोकळे व्हा, तबेल्यात पोरं वावरतात. घोड्यांचा दलालही येऊन गेला. त्याच्या ट्रकमध्ये चढवलेली म्हातारी घोडी कत्तलखान्यात जाते, हे तुला सांगायला नको. त्यापेक्षा माझ्या हातची गोळी बरी. दुसरा मार्ग निघाला नाही तर नऊ ऑक्टोबरला, शुक्रवारी, घालीन. नसता दोष ठेवून मारतोय असं वाटत राहतं, पण चौदा घरांची शांती एका बाजूला आहे.

एवढंच सांग, तिनं आधी कधी मारलं नव्हतं ना?

तुझा,
अ‍ॅटली

---

होम्स काउंटी
२३ सप्टेंबर

प्रिय अ‍ॅटली,

काल तीन पानं लिहिली आणि चुलीत घातली. त्यात शास्त्र फार होतं. हे पत्र एका दमात लिहून पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे. चुका काढू नकोस.

मारलं होतं.

टिलीला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. तुला द्यायच्या आधी दोन वर्षं तो डोळा सारखा गळायचा, मग गळायचा थांबला. आम्हाला वाटलं बरा झाला. तो बरा नव्हता झाला, गेला होता. वरून साफ दिसतो. अगदी जवळून उजेडात पाहिलास तर आत निळसर, दुधात पाणी घातल्यासारखा दिसेल. बग्गीला जोडताना दोन्ही डोळ्यांवर झापडं असतात, तेव्हा रस्त्यावर तिच्यात आणि दुसऱ्या घोडीत काही फरक नाही. उलट बाहेरच्यांच्या मोटारींना बिचकत नाही. म्हणून तुला कळलं नाही, आणि कळणार नाही हे मला माहीत होतं.

डोळा गेला त्या हिवाळ्यात तुझ्या आजोबांचा घसा बसला होता. आठवडाभर हातवारे करून जेवायला मागत होते. तसेच मुकाट्यानं उजवीकडून गवत टाकायला गेले. घोड्याजवळ जाताना आपण काहीतरी बोलतो, चल गं, सरक गं, तसलं काही त्यांच्या घशातून निघालं नाही. तिनं लाथ घातली, दोन बरगड्या गेल्या. ते म्हणाले, चूक माझी, आंधळीला हाक न मारता गेलो. त्यांनी हेही सांगितलं होतं की हिला कोणाला देशील तर सांगून दे. नियमाचं ते दुसरं कलम म्हणजे हेच. मला सांगितलेलं होतं.

ते गेल्यावर रोमन म्हणाला, ही लिलावात घालतो. बारा वर्षांची, एका डोळ्याची. तिला ट्रकवाल्याशिवाय कोण घेणार? तू तेव्हा उत्तरेला निघाला होतास आणि तुला बग्गीला घोडी हवी होती. मी म्हणाले, टिली अ‍ॅटलीला जाऊ दे. रोमननं विचारलं, "त्याला डोळ्याचं सांगितलंस?" मी म्हणाले, सांगितलं. हे सरळ खोटं. तुझ्याशी फक्त गप्प बसले. दोन्हींत फरक आहे असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. तू बिशपसमोर माझी ग्वाही दिलीस त्या ओळीपाशी तो फरक संपला.

का सांगितलं नाही? तुला सांगितलं असतं तर तू लोविनाला सांगितलं असतंस, तुझ्या पोटात काही राहत नाही. घरात तान्हं, आणि एल्मा जेमतेम तीन वर्षांची. तिनं ती घोडी घेऊ दिली नसती. बरोबरच केलं असतं. मी मागचं पत्र लिहितानाही ठरवलं होतं की याही वेळी निभावून नेऊ. बाजू कुठली हे विचारून बसले, तिथे जीभ घसरली म्हण.

आता तू विचारतोस जनावराला समज असते का. टिलीला एवढी समज आहे की अंधारातून काही न बोलता अंगाशी आलं तर ते चांगलं नसतं. मला दोन डोळे आणि सगळी समज होती. नियमानं दोघींना दगड मारायचे तर सुरुवात माझ्यापासून करा. एक्याऐंशी वर्षांची आहे, फार दगड लागणार नाहीत.

हे पत्र इमॅन्युएलला वाचून दाखव. गाळू नकोस काही. एल्माला आजपासून त्या ठाणात जाऊ देऊ नकोस. आणि शुक्रवारी काय करायचं ते तुझं तू ठरव, मी त्यात बोलायचा हक्क घालवला.

सलोमा

---

पाइन ब्रूक
२८ सप्टेंबर

आजी,

एल्मा गेले दोन उन्हाळे टिलीच्या पोटाखालून जाऊन गव्हाणीतली अंडी काढते. उजव्या बाजूनं. गाणं म्हणत जाते, म्हणून आज ती जिवंत आहे. लोविनानं तुझं पत्र वाचलं आणि बाहेर जाऊन बसली.

मी इमॅन्युएलना वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. आजोबांचा घसा बसल्याचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाले, "जा आता. मी बोलावीन."

बिशपसमोर मी तुझ्या भरवशावर शब्द दिला होता.

वर 'प्रिय' लिहायला हात धजला नाही, म्हणून लिहिलं नाही.

अ‍ॅटली

---

पाइन ब्रूक
५ ऑक्टोबर

सलोमा बहीण यांस,

आपली ओळख नाही. ज्याचा गुडघा गेला तो मी. पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा सरळ लिहितो.

तुमचं पत्र ऐकल्यापासून मला झोप नाही. तुमच्या मालकांचा घसा बसला होता. माझा बसला नव्हता.

वसंतात चिठ्ठी निघाली तेव्हा त्या आठ जणांत माझा थोरला मुलगा होता. असल्या गोष्टीची इच्छा धरणंसुद्धा पाप आहे, हे मी डीकन म्हणून अकरा वर्षं इतरांना सांगत आलो. मी इच्छा धरली होती. चिठ्ठी निघाली ती तुमच्या नातवाच्या पुस्तकात. तो चांगला आहे, पण फार विचारतो. एका वाक्याला दोन प्रश्न. मला वाटायचं, देवाची चिठ्ठी चुकली.

त्या दिवशी मी साज परत घ्यायला गेलो तो रागानं. अजून त्याला गरज होती हे दिसत होतं. तो बटाट्यात वाकलेला मला लांबून दिसला. हाक मारायला हवी होती, मारली नाही. तसाच तबेल्यात शिरलो. घोड्याशी बोलत आत जायचं हे मला बापानं चालायच्या आधी शिकवलंय, सत्तावन्न वर्षांत मी चुकलो नव्हतो. त्या दिवशी त्या घरातल्या कोणाशीच बोलायचं मनात नव्हतं, घोडीशीही नाही. दात मिटून गेलो. आणि नंतर सगळ्यांना सांगितलं, नेहमीसारखा गेलो. ते खरं नव्हतं.

घोडीला मारू नको असं मी अ‍ॅटलीला सांगितलं आहे. सभेत मी हे सगळं उभं राहून सांगणार आहे, उभं राहता आलं तर. माझ्या मनात आता त्याच्याविषयी काही नाही. तुमच्याविषयी आहे थोडं. दुखतं तेव्हा जास्त असतं. ते जाईल.

एक राहिलं. तुम्ही जे लपवलं ते माझ्या आणि तुमच्या पत्रात मिटवायचं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. डीकन म्हणून मी तुमच्या बिशपला लिहायला हवं. मी लिहिलेलं नाही. तुम्ही स्वतः जा.

कोबीची पानं बांधली. वास फार येतो. सूज उतरली.

इमॅन्युएल गिंगरिच

---

पाइन ब्रूक
२७ ऑक्टोबर

प्रिय आजी,

सभा झाली, परवाच्या रविवारी प्रभुभोजनही झालं, चौदाही घरांचं. इमॅन्युएल काठीवर उभे राहिले आणि सगळं बोलले. त्यांचा थोरला मुलगा मान खाली घालून ऐकत होता. भोजनानंतर दोघादोघांनी एकमेकांचे पाय धुवायच्या वेळी ते माझ्यासमोर येऊन बसले. दुखरा पाय उचलता येईना, तेव्हा मी तो हातात धरून हळू हळू पाण्यात सोडला. शिवण अजून लाल आहे. मी मोजली, एकोणीस टाके.

टिली आहे. लोविनाच्या अटीवर आहे. मी ठाण फिरवलं, आता तिची उजवी बाजू भिंतीकडे असते आणि तिकडे माणूस शिरूच शकत नाही. पोरांना आत मनाई. लोविना तिला अजून माफ करत नाही, पण काल मी पाहिलं, बाहेर बांधलेली होती तर ही जाता जाता म्हणाली, "सरक गं, म्हातारे." तुला अजून करत नाही तेही सांगून ठेवतो. लोणच्याची पुढची खेप मात्र तुझ्याच कृतीनं घातली.

प्रवचनाचं विचारशील. दोन्ही पानं जशी आहेत तशी सांगितली, आधी जनावरं, मग माणूस, आणि पुढच्या पानावर आधी माणूस, मग जनावरं. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं भुवया वर केल्याच. मी म्हणालो, मला ही दोन्ही जोडता येत नाहीत आणि मी जोडणार नाही. पहिलं पान वाचलं की मला धनी झाल्यासारखं वाटतं. दुसरं वाचलं की आठवतं, आदामानं पहिलं काम केलं ते एकेका जनावराला नाव द्यायचं, म्हणजे त्यानं आधी प्रत्येकाकडे नीट पाहिलं असणार. मी दोन वर्षं घोडी वापरली आणि तिच्या डोळ्याकडे पाहिलं नाही. एवढं बोललो आणि पुढचं विसरलो. मग बिशपनी पुढचं हाती घेतलं.

तुझ्याकडे काय झालं? रोमनकाकाच्या पत्रात एक अक्षर नाही, म्हणजे नक्कीच काही झालंय.

तुझा,
अ‍ॅटली

---

होम्स काउंटी
४ नोव्हेंबर

प्रिय अ‍ॅटली,

प्रवचन विसरलास ते बरं झालं. तुझ्या आईच्या बाजूचे लोक न विसरता फार वेळ बोलतात.

इकडचं सांगते. इमॅन्युएलचं पत्र आलं त्याच दिवशी आमच्या डीकनकडे चालत गेले. रोमन बग्गी जोडतो म्हणाला. मी म्हणाले, तुझ्याशी खोटं बोलले आहे, तुझ्या बग्गीत बसून कबुलीला कशी जाऊ? तो दुखावला. त्यालाही आधी सांगायला हवं होतं, वाटेत सुचलं.

अठरा तारखेला उपासना संपल्यावर मंडळी थांबली. मी पुढच्या खुर्चीवर, तळव्यांत तोंड घालून. आमचा बिशप ऑर्व्हा बेचाळीस वर्षांचा आहे, त्याच्या जन्माच्या वेळी पाणी मी तापवलं होतं. चांगला माणूस आहे. हळू आवाजात विचारलं, "लपवल्याचा पश्चात्ताप आहे?"

"आहे."

"त्या भावाच्या पायाचा?"

"आहे." खरंच आहे, अ‍ॅटली. एल्माचा तर विचारू नकोस. आता कोणतंही पोर गाणं म्हणायला लागलं की मी हातातलं काम ठेवते.

मग तो म्हणाला, "पुन्हा तीच वेळ आली तर काय कराल?"

याचं उत्तर ठरलेलं असतं. मी म्हणाले, "अ‍ॅटलीला डोळ्याचं सांगेन."

"आणि त्यानं घोडी घेतली नाही तर?"

"दुसऱ्या कोणाला सांगून देईन."

"आणि कोणीच घेतली नाही तर? मग तरी लिलावात जाऊ द्याल ना?"

मागं बायकांच्या बाजूला कोणीतरी खोकलं, ती फॅनी, तिला खोकला नसतो. ऑर्व्हा थांबून राहिला. मग म्हणाला, "सलोमा, माणूस जनावराहून वरचा आहे. शास्त्र याबाबत स्वच्छ आहे."

मी म्हणाले, "स्वच्छ नाही. माझ्या नातवाला विचार, तो उपदेशक आहे."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्षानुवर्षं गप्प बसूनच तर तिथवर आले होते. म्हणाले, "लपवल्याबद्दल तुम्ही म्हणाल तितक्या वेळा माफी मागते. गुडघे टेकवा म्हणालात तर टेकते, उठवायला दोघं लागतील. पण ती घोडी ट्रकमध्ये चढू दिली नाही याचं वाईट वाटतं, असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. एका खोट्यामुळेच इतकं झालंय."

मला बाहेर पाठवून त्यांनी मतं घेतली. बाहेर बग्ग्यांपाशी उभी राहिले. चाळीस घोडे झापडं लावून ओळीत बांधलेले होते. मी काय विचार केला ते विचारू नकोस, काही केला नाही, पाय दुखत होते.

ठरलं ते असं. लपवल्याची माफी मिळाली. पण पश्चात्ताप पुरा नाही, म्हणून यंदाच्या प्रभुभोजनाला मागं राहायचं आणि वसंतापर्यंत विचार करायचा. ऑर्व्हा सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हणाले, बरोबर आहे, मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं.

गेल्या रविवारी सगळे प्रभुभोजनाला गेले. बाप्तिस्म्यानंतर त्रेसष्ट वर्षांत मी एकदाही चुकले नव्हते, बाळंतपणातसुद्धा तारखा नीट पडल्या होत्या. घरात बसून घड्याळ ऐकलं. अकरा वाजले तेव्हा मनात म्हणाले, आता उत्पत्ती संपली असेल. तीन वाजता म्हणाले, आता भाकर मोडत असतील. मी रडणारी नाही हे तुला माहीत आहे. गोधडीचे दोन चौकोन शिवले, दोन्ही उसवावे लागले.

संध्याकाळी फॅनी परस्पर इकडे आली. त्रेपन्न वर्षं आम्ही दोघी एकमेकींचे पाय धुतो. दारातूनच ओरडली, "मला त्या मॅटीबरोबर बसवलं गं! बाईचे पाय आहेत की गोठलेले मासे?" मग खुर्ची ओढून माझ्या खुर्चीला लावून बसली आणि अंधार पडेपर्यंत हलली नाही. घोडीचं नाव दोघींनीही काढलं नाही.

लोविनाला म्हणावं, माफ करायची घाई नाही, तिचा हक्क आहे. एल्माला माझ्याकडून काही सांगू नकोस, मोठी झाली की मी असले तर स्वतः सांगेन. नसले तर ही पत्रं ठेव.

ऑर्व्हा म्हणाला तसं मी विचार करते आहे. फसवत नाही, खरोखर करते. रोज सकाळी भांडी झाली की हात पुसून खिडकीपाशी बसते आणि पहिल्यापासून सुरू करते. माणूस वरचा, जनावर खालचं, श्वास एकच, नियम, बैल, गुडघा, एल्मा. सगळं क्रमानं लावते. आणि शेवटी रोमन येऊन ट्रकचं दार उघडतो, टिली दोरीला हिसका न देता चढायला लागते, आणि मी उठून उभी राहते.

रविवारपासून आज चौथा दिवस. उत्तर बदललेलं नाही. बदललं तर कळवीन.

तुझी आजी,
सलोमा